घरासाठी कूलर घेताना : गारवा हवा, गोंगाट नको

मार्च महिना संपत आला की विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील बाजारपेठांत कूलरची दुकाने सजू लागतात. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव, परभणी या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जाणे यात नवल राहिलेले नाही. तेथे कूलर ही चैन नसून गरज आहे. ग्राहक दुकानात जातो आणि साधारणपणे तीन प्रश्न विचारतो : टाकी किती लिटरची, हवा किती लांब जाते आणि किंमत काय. आवाज किती करतो, हा चौथा प्रश्न बहुधा पहिल्या रात्री घरी पडतो. तोवर पैसे दिलेले असतात.

आवाजाचा प्रश्न नाजूक माणसांचा आहे असे समजू नये. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला रात्रीची सहा तासांची झोप मिळाली नाही तर फज्रच्या नमाजलाही तो उठत नाही आणि दुसऱ्या दिवशी कामावरही त्याचे लक्ष लागत नाही. घरात वृद्ध असतात, तान्ही मुले असतात. शिवाय हा प्रश्न आपल्या घरापुरता राहत नाही. कूलरचे तोंड आपल्या खोलीत असते, पण पाठ गल्लीकडे, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीकडे असते. दाट वस्तीच्या मोहल्ल्यांत दोन घरांमध्ये चार-पाच फुटांचेच अंतर असते. इस्लामने शेजाऱ्याच्या हक्कांवर जेवढा भर दिला आहे, तो पाहता आपला गारवा शेजाऱ्याच्या झोपेच्या मोबदल्यात मिळवणे कितपत योग्य, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हायला हवा.

आमचे सांगणे थोडक्यात असे : शांत कूलर म्हणजे मोठ्या जाळ्यांचा, मोठ्या पात्यांचा आणि हळू फिरणाऱ्या पंख्याचा कूलर. जो लहान कूलर घेऊन तो जोरात पळवतो, तो गारव्याबरोबर आवाजही विकत घेतो. हे असे का, ते आता क्रमाने पाहू.

कूलर हवा गार कशी करतो?

कूलरचे तत्त्व जुने आहे. वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अकबराच्या काळात अबुल फज्ल यांनी लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथातही खसच्या ताट्यांचा उल्लेख आहे. पाण्याची वाफ होताना ते आसपासची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ पाऊण युनिटाच्या थोडी कमी एवढी उष्णता हवेतून कमी होते. आजच्या कूलरमध्ये ताटीच्या जागी वुडवूलची किंवा हनीकोंब जाळी आली, पाणी शिंपडणाऱ्या हाताच्या जागी पंप आला आणि वाऱ्याच्या जागी पंखा आला. तत्त्व तेच राहिले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ अधिक आणि तितका गारवा अधिक. नागपुरात दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २७ ते २९ अंशांची हवा देऊ शकतो. मुंबईत ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम चार-साडेचार अंश खाली आणतो आणि खोलीत ओल भरतो ती वेगळीच. म्हणून मुंबई, मुंब्रा, भिवंडी किंवा कोकणपट्टीतील वाचकांनी कितीही शांत असला तरी कूलरवर पैसे घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. तेथे चांगला पंखा आणि हवेशीर खोली यांचा उपयोग अधिक होतो.

आपल्या गावी कूलर चालेल की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. एक साधा थर्मामीटर घ्यावा. खोलीबाहेर सावलीत त्याचा आकडा लिहून ठेवावा. मग त्याच्या टोकाला ओली सुती चिंधी गुंडाळून तो पंख्याच्या वाऱ्यात दहा मिनिटे धरावा आणि पुन्हा आकडा पाहावा. दोन आकड्यांत दहा अंशांहून अधिक फरक असेल तर कूलर उत्तम चालेल. फरक पाच-सहा अंशांच्या आत असेल तर तेथे कूलर म्हणजे ओलसर वारा देणारा पंखा समजावा. ही परीक्षा ज्या महिन्यात कूलर वापरायचा त्याच महिन्यात करावी. जुलैतील आकडा मे महिन्यासाठी उपयोगाचा नाही.

आवाज कोठून येतो?

कूलरचा आवाज एक नसतो, चार आवाजांची ती बेरीज असते.

पहिला आवाज हवेचा. पाते जितक्या वेगाने हवा कापते तितका तो वाढतो, आणि वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. तोच पंखा निम्म्या वेगाने फिरवला तर हवा निम्मी येते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज अर्ध्यावर आल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या १५ डेसिबलचे महत्त्व कळेल. त्यामुळे तेवढीच हवा मोठ्या पात्याने हळू फिरून दिली तर कूलर शांत राहतो.

दुसरा आवाज मोटारचा. बुश झिजला, बेअरिंग कोरडे पडले किंवा पाते एका बाजूला जड झाले की घरघर सुरू होते. स्वस्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावल्यासही मोटार हळू वेगात गुणगुणते. त्यापेक्षा ठरावीक पायऱ्यांचा रेग्युलेटर किंवा मोटारमध्येच दोन-तीन वेगांची सोय असलेला कूलर बरा. अलीकडे बीएलडीसी मोटारचे कूलर मिळू लागले आहेत. त्यांची किंमत जास्त असली तरी हळू वेगात ते गुणगुणत नाहीत, वीजही बरीच कमी घेतात आणि इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतात.

तिसरा आवाज पत्र्याचा. पातळ पत्रा, ढिले स्क्रू, सैल झडपा आणि डुगडुगणारा स्टँड हे सगळे पंख्याबरोबर थरथरतात. माणसाची झोप मोडण्यात या खडखडाटाचा वाटा मोठा असतो. एकसारख्या वाऱ्याच्या आवाजाची कानाला सवय होते, मध्येच उठणाऱ्या खडखडाटाची होत नाही.

चौथा आवाज पाण्याचा आणि पंपाचा. पाणी जाळीतून थेट टाकीत उंचावरून पडत असेल तर टपटप ऐकू येते. टाकीत पाणी कमी झाले की पंप हवा ओढू लागतो आणि घुर्र असा आवाज करतो. पंप तसाच चालू ठेवला तर तो जळतो.

किती मोठा कूलर घ्यावा?

येथे थोडा हिशेब करावा लागेल, पण तो अवघड नाही. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करावा. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली १,४४० घनफुटांची होते. कडक उन्हाळ्याच्या भागात, विशेषतः वर पत्रे किंवा तापणारा स्लॅब असेल तर, खोलीतील हवा तासाला ४० वेळा बदलावी असे धरून चालावे. १,४४० गुणिले ४०, भागिले ६०, म्हणजे मिनिटाला ९६० घनफूट हवा लागेल. कंपन्या हा आकडा बहुधा तासाला घनमीटर या मापात देतात. घनफुटांच्या आकड्याला १.७ ने गुणले की तो मिळतो. येथे तो सुमारे १,६३० येतो.

आता शांततेचा हिशेब. ९६० ची गरज असताना ९६० चाच कूलर घेतला तर तो सदैव पूर्ण वेगाने चालवावा लागेल. शिवाय पत्रकात छापलेला आकडा अनेकदा आदर्श स्थितीतील असतो. जाळीवर धूळ आणि क्षार बसले की हवा घटते. म्हणून दीडपट, म्हणजे १,५०० घनफुटांच्या आसपासचा कूलर घ्यावा आणि तो दोन तृतीयांश वेगाने चालवावा. एवढ्याने त्याच कूलरचा आवाज पूर्ण वेगाच्या तुलनेत सुमारे ९ डेसिबलने खाली येतो. रात्री बाहेरची उष्णता उतरल्यावर वेग आणखी कमी करता येतो. थोडक्यात, मोठा कूलर घ्यावा तो जास्त वाऱ्यासाठी नव्हे, हळू चालवता यावा म्हणून.

पंख्याइतकेच महत्त्व जाळीच्या क्षेत्रफळाला आहे. जाळीतून हवा मिनिटाला २०० फुटांच्या आसपास वेगाने गेली तर ती नीट गार होते आणि आवाजही करीत नाही. ९६० घनफूट हवेसाठी सुमारे पाच चौरस फूट जाळी लागते आणि १,५०० साठी साडेसात. तीन बाजूंना दोन बाय दीड फुटाच्या जाळ्या असलेला कूलर नऊ चौरस फूट देतो. हे झाले चांगले. पण दिसायला सुबक, उंच आणि सडपातळ अशा टॉवर कूलरला मागे एकच जाळी असते. ती एक फूट बाय अडीच फूट असेल तर क्षेत्रफळ अडीच चौरस फूटच झाले. तेवढ्यातून ९६० घनफूट हवा ओढायची तर ती जवळजवळ दुप्पट वेगाने ओढावी लागेल. असा कूलर एका माणसाच्या पलंगापाशी ठीक, पण कुटुंबाची खोली त्याने गार होणार नाही, आवाज मात्र होईल.

जाळी कशाची असावी? वुडवूलची जाळी स्वस्त असते, पहिल्या दिवसापासून चांगला गारवा देते, पण ती खाली बसते आणि साधारणपणे दर उन्हाळ्याला बदलावी लागते. हनीकोंब जाळी महाग असली तरी नीट राखल्यास काही वर्षे टिकते आणि तिच्यातून पाणी पसरून उतरते. वाळ्याचा सुगंध ज्यांना हवा, त्यांनी तो जरूर वापरावा. जाळी कोणतीही असो, वरपासून खालपर्यंत सारखी भिजली पाहिजे. कोरडा राहिलेला पट्टा म्हणजे गरम हवेला दिलेले उघडे दारच.

दुकानात परीक्षा कशी करावी?

खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा पाहून समाधान मानू नये. तो किती अंतरावरून आणि कोणत्या वेगाला मोजला, हे विचारावे. सर्वांत हळू वेगाचा आकडा ठळक छापला असेल तर पूर्ण वेगाचा त्याहून बराच जास्त असणार. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. कोणताही घरगुती कूलर खोलीत चालू असताना एवढी शांतता मिळेल अशी अपेक्षा धरू नये. कूलर जितका त्या आकड्याच्या जवळ जाईल तितका बरा, एवढाच त्याचा अर्थ.

दुकानात गर्दी आणि रस्त्याचा गोंगाट असतो, म्हणून शक्यतो सकाळी लवकर किंवा दुपारच्या शांत वेळी जावे. कूलर टाकीत पाणी भरून, पंप लावून, जाळ्या बसवून चालवून दाखवायला सांगावे. जाळ्या काढून ठेवलेला कूलर घरी वेगळाच आवाज करतो. मग पुढील गोष्टी पाहाव्यात :

पत्र्याच्या बाजूंवर तळहात दाबून धरावा. आवाज कमी झाला तर दोष पत्र्यात किंवा स्क्रूमध्ये आहे.

कूलर बंद करून कान द्यावा. बटण बंद करताच गुणगुण थांबली तर ती मोटारच्या विजेची होती. पंखा थांबेपर्यंत घरघर चालू राहिली तर बुश, बेअरिंग किंवा पात्याचा दोष समजावा.

पंखा हाताने फिरवून पाहायचा असेल तर आधी पिन काढून घ्यावी. पाते कोठे घासत नाही ना आणि डुलत नाही ना, हे पाहावे.

दोन कूलरची तुलना मोबाईलमधील आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने करता येते. त्यातील आकडा अचूक नसतो, पण एकाच जागी, एकाच अंतरावरून मोजल्यास कोणता कमी, एवढे कळते.

बसवण्यात निम्मी शांतता आहे

चांगला कूलरही चुकीचा बसवला तर ओरडतो. कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीच्या बाजूला ठेवावा, म्हणजे त्याला ताजी कोरडी हवा मिळते. तो खिडकीच्या गजांना बांधू नये. बांधल्यास सगळी खिडकी त्याच्याबरोबर थरथरते. वेगळा, जड आणि चारही पाय जमिनीला टेकणारा स्टँड करून घ्यावा आणि पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवावेत. जुन्या टायरचे चालतात. कूलर आणि चौकट यांमधील फटीत फोम भरावा.

समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडे ठेवणे अत्यावश्यक आहे. हजार घनफूट हवेमागे निदान दोन चौरस फूट वाट हवी. वाट बंद असेल तर खोली दमट होते, पंख्यावर ताण येतो, आवाज वाढतो, आणि लोक म्हणतात की कूलर वाईट आहे.

पाठ शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खिडकीसमोर येत नाही ना, हे बसवण्याआधी पाहावे. येतच असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे आणि रात्री दहानंतर हळू वेग ठेवावा. देशात २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण नियमाची वाट पाहण्याची वेळ येऊ नये, हेच शेजारधर्माला धरून आहे.

वीज, पाणी आणि डास

लोखंडी कूलर, पाणी आणि वीज हे तिघे एकत्र आले की जिवाशी गाठ असते. तीन पिनांचा प्लग, खरे अर्थिंग आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा ब्रेकर हवाच. पाणी भरताना, पंप हलवताना किंवा टाकी पुसताना पिन काढल्याशिवाय हात लावू नये, आणि मुलांना हे काम देऊ नये. येथे काटकसर करू नये.

साधारण २०० वॉटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिट वीज लागते. दीड टनी एसी त्याचा कॉम्प्रेसर चालू असताना दर तासाला साधारण दीड युनिट घेतो. मात्र कूलर पाणी पितो. वर हिशेब केलेल्या खोलीत भर दुपारी तासाला बारा लिटरपर्यंत पाणी उडू शकते. रात्री हळू वेगात हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. म्हणजे ६० लिटरची टाकी दुपारी पाच तासांत संपेल, पण रात्रभर पुरेल. बोअरचे जड पाणी असेल तर टाकीत क्षार साठत जातात, म्हणून पाणी वरचेवर बदलावे. वाहत्या पाण्याकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये अशी ज्यांना शिकवण आहे, त्यांनी हे काढलेले पाणी गटारात न सोडता अंगण किंवा संडास धुण्यासाठी वापरावे.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, कडा घासून कोरडी करावी. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी टाकीच्या कडांना चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.

खरेदी आणि विक्रीचे दोन शब्द

हप्त्यांनी कूलर घेताना 'बिनव्याजी' या शब्दावर थांबू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज अनेकदा रोखीच्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते. रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज दोन्ही लिहून घ्याव्यात, हप्ता चुकल्यास काय आकारणार तेही विचारावे. व्याज टाळायचे असेल तर हिवाळ्यात, मागणी नसताना, साठवलेल्या पैशांनी कूलर घेणे हा मार्ग उत्तम. त्या वेळी भावही उतरलेला असतो आणि दुकानदाराला दाखवायला वेळही असतो.

कूलर बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनाही एक विनंती. गावच्या वर्कशॉपमध्ये तयार होणारा कूलर मोठ्या कंपनीपेक्षा शांत असू शकतो, कारण जाड पत्रा, मोठी जाळी आणि मोठे पाते घालणे तुमच्या हाती आहे. मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या मोटारऐवजी ९०० फेऱ्यांची मोटार आणि मोठे पाते घालून एक नमुना दुकानात ठेवावा, ग्राहकाला दोन्ही ऐकवावेत आणि किमतीतील फरक मोकळेपणाने सांगावा. पातळ पत्र्यावर जाड रंग चढवून किंवा जुनी मोटार नवी म्हणून विकू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले, आणि ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी विक्रेत्याला केली, हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. कूलरचा दोषही असाच वर ठेवावा. ज्या दुकानदाराने स्वतःहून सांगितले की हा कूलर तुमच्या खोलीला लहान पडेल आणि ओरडेल, त्याच्याकडे ग्राहक पुढच्या उन्हाळ्यात भावाला आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

दुकानात जाण्यापूर्वी खोलीचे माप, खिडकीचे माप, समोरच्या खिडकीचे माप आणि पाठीमागे कोणाचे घर आहे, एवढे एका कागदावर लिहून न्यावे. इन्शाअल्लाह, तेवढ्याने निम्मी निवड आपोआप होईल.